कप वरून रिकामा राहतो, स्ट्रॅप घसरतात: लहान छातीच्या ब्राचं नेमकं कुठे बिनसतं

"कप वरून रिकामा राहतो. हात वर केला की ब्रा वर सरकते. दिवसभर स्ट्रॅप सावरत बसावं लागतं. दुकान बदललं, कंपनी बदलली, महागातली घेऊन बघितली, तरी तेच." आमचं बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान आहे, आणि लहान छाती असलेल्या बायका-मुली थोड्याफार फरकाने हेच गाऱ्हाणं घेऊन येतात. मग आवाज खाली आणून शेवटी म्हणतात, "माझंच लहान आहे हो, त्याला ब्रा तरी काय करणार?"

हे शेवटचं वाक्य मला पटत नाही आणि ऐकवतही नाही. कप रिकामा राहिला तर तो ब्राचा दोष, तुमचा नाही. नंबर चुकलेला असतो, नाहीतर कपाचा आकार, नाहीतर पॅड नको तिथे असतं. यातलं काय चुकलंय ते घरी आरशासमोर शोधता येतं. शिवणकामाचा टेप आणि सध्या वापरात असलेली ब्रा एवढं पुरतं. फक्त क्रम सोडायचा नाही. बहुतेक जणी कपापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. सुरुवात करायची खालच्या पट्ट्यापासून.

आधी खालचा पट्टा

छातीखालून पाठीकडे जाऊन हुकाने बंद होतो तो पट्टा. ब्राचा आधार मुख्यतः तोच देतो. खांद्यावरच्या स्ट्रॅपचं काम कप अंगाला लागून ठेवायचं, एवढंच. पट्टा ढिला असला की तो पाठीवर वर चढतो, पुढून कप खाली ओघळतो, वरचा काठ अंगापासून सुटतो आणि बघणारीला वाटतं, कप मोठा झाला. मग ती स्ट्रॅप घट्ट ओढते. स्ट्रॅप ओढल्याने पाठीचा पट्टा आणखी वर जातो. संध्याकाळी खांद्यावर वळ उमटलेले असतात आणि कप तरीही रिकामाच असतो.

तपासायला सोपं आहे. ब्रा घालून आरशाकडे एक बाजू करून उभ्या राहा. पट्टा पुढून पाठीपर्यंत एका रेषेत, जमिनीला समांतर दिसला पाहिजे. पाठीवर कमान करून वर गेला असेल तर ढिला आहे. दुसरी खूण, पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत, अख्खी मूठ नाही. आणि तिसरी, जी मी दुकानात नेहमी करायला सांगते: ब्रा उलटी घाला. कप पाठीवर, हुक पुढे. आता मधे छातीही नाही आणि कपही नाही, नुसता पट्टा बरगड्यांवर बसलाय. दोन्ही हात वर करा, वाका, दीर्घ श्वास घ्या. पट्टा जागचा हलला तर तो मोठा आहे. श्वास अडतोय, कातडीत रुततोय, तर लहान आहे.

नवी ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सगळ्यात ढिल्या हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक वापराने सैल होतं, तेव्हा आतल्या हुकांवर जायचं. दुकानातच शेवटच्या, घट्ट हुकावर "बरोबर बसते" असं वाटलं तर ती ब्रा घेऊ नका. काही महिन्यांत तिला आत घ्यायला जागाच उरणार नाही.

लहान छातीच्या बायकांचा पट्टा इतक्या सर्रास मोठा का निघतो, याचं कारण माप घेण्याच्या सवयीत आहे. टेप फक्त छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून फिरवतात, ३३ आलं की "३४ द्या". छातीखाली बरगड्यांवर माप घेतच नाहीत. तिथे २८ असेल, २७ही असेल. मग ३४ नंबरच्या ब्राचा पट्टा तिला कसा धरणार? शिवाय ३४चा सगळा साचाच रुंद असतो. दोन कपांमधलं अंतर जास्त, स्ट्रॅप खांद्याच्या कडेला. म्हणजे घसरणारा स्ट्रॅप, सरकणारा पट्टा आणि रिकामा कप, तिन्ही तक्रारी एकाच चुकीतून येतात.

नंबरांचा घोळ

इथे जरा सावकाश वाचा, कारण ऑनलाइन मागवताना सगळ्यात जास्त फसगत याच ठिकाणी होते.

दोन मापं घ्या. पहिलं छातीच्या अगदी खाली, टेप अंगाला घट्ट लावून, श्वास सोडल्यावर. दुसरं छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप नुसता टेकवून, न आवळता. दुसरं माप पॅड नसलेली पातळ ब्रा घालून किंवा काहीच न घालता घ्या. पॅडेड ब्रावरून घेतलेलं माप पॅडचं असतं.

आता ब्राच्या लेबलवर बघा. बऱ्याच लेबलांवर ३२च्या शेजारी ७० छापलेलं असतं. ७० हे छातीखालचं माप, सेंटिमीटरमध्ये. ७० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेसत्तावीस इंच. मग ३२ कसले? छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून नंबर ठरवायची जुनी पद्धत आहे, ती अजून चालते. म्हणजे ३२ नंबरची ब्रा ३२ इंचांच्या बरगड्यांसाठी असतेच असं नाही. आणि काही कंपन्या काहीच मिळवत नाहीत, छातीखाली जेवढं माप तोच नंबर धरतात. एकाच बाईला दोन तक्त्यांत दोन नंबर मिळतात ते यामुळे.

उदाहरण घेऊ. छातीखाली २८, छातीवर ३३. चार मिळवायच्या पद्धतीने पट्टा ३२, आणि छातीचं माप त्याहून एक इंच जास्त, म्हणून कप ए. झाली ३२ ए. न मिळवायच्या पद्धतीने पट्टा २८, फरक पाच इंचांचा, दर इंचाला एक अक्षर (ए, बी, सी, डी, डीडी), म्हणून कप डीडी. हे ऐकून बायका दचकतात. "डीडी? मला?" पण कपाचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ते पट्ट्याच्या नंबराबरोबरच वाचायचं असतं. ३४ ए, ३२ बी आणि ३० सी या तिन्हींच्या कपात सारखीच जागा असते, फक्त पट्टा दोन-दोन नंबरांनी लहान होत जातो. एक पायरी पट्टा खाली, तर एक अक्षर वर.

दोन पद्धतींची उत्तरं एकमेकांपासून इतकी लांब असतात, मग खरं कुठलं? माझा अनुभव असा, की बारीक अंगाच्या बाईला बरोबर बसणारी ब्रा या दोन्हींच्या मधे कुठेतरी सापडते. वरच्या उदाहरणातल्या बाईला मी आधी ३२ ए घालायला देईन. पट्टा चढला तर ३० बी. ती पट्ट्याला चांगली बसली पण कप दाटला तर ३० सी. अडचण एवढीच, की ३० नंबर बऱ्याच दुकानांत ठेवत नाहीत आणि २८ तर शाळकरी मुलींच्या मालातच दिसतो. तरी मागा. दुकानदार ३२ पुढे करून "हीच होईल, इलॅस्टिक आहे" म्हणाला तर ऐकू नका. गिऱ्हाईक मागत राहिलं तरच माल येतो, हे मी काउंटरच्या अलीकडून सांगते आहे.

ऑनलाइन घेताना "मी ३२ बी घालते" हे विसरून जा. त्या कंपनीचा तक्ता उघडा, त्यात सेंटिमीटरमधली दोन मापं शोधा आणि त्यावरून नंबर घ्या.

तुळशीबागेत किंवा दादर स्टेशनबाहेरच्या गर्दीत घालून बघायची सोय नसते. तिथे टेप पर्समध्ये ठेवा. ब्रा सपाट धरून पट्ट्याची हुकापासून हुकापर्यंतची लांबी न ताणता मोजा. ती तुमच्या छातीखालच्या मापापेक्षा निदान तीन-चार इंच कमी असली पाहिजे. मग दोन्ही टोकं धरून ताणा. ताणल्यावर तुमच्या मापाच्या थोडी पुढे गेली की पट्टा चालेल. न ताणताच तुमच्या मापाएवढी भरत असेल, तर ती पाठीवर चढणार.

पट्टा बरोबर, तरीही कप रिकामा

आता कपाकडे यायचं. पण आधी ब्रा नीट घातली का ते बघा. हुक लावल्यावर कमरेतून थोडं पुढे वाका, हात कपात घालून काखेकडचा मऊ भाग पुढे कपात आणा, दोन्ही बाजूंना, मग सरळ उभ्या राहा. लहान छातीला याची गरज नाही असं समजतात, आणि नेमकी त्यांनाच जास्त असते, कारण त्यांचा बराचसा भाग बाजूला पसरलेला असतो. हे केल्यावर अर्ध्या जणींचा कप भरतो. काहींचा तर काठावरून उतू जातो, म्हणजे इतके दिवस त्या एक अक्षर कमीच घालत होत्या.

एवढं करूनही जागा उरली तर ती कुठे उरते ते बोटाने चाचपून बघा. सगळं उत्तर तिथे आहे.

वरच्या काठाशी, स्ट्रॅपच्या खाली उरत असेल, तर कप उंच आहे. "फुल कव्हरेज" नावाने मिळणारी ब्रा छातीच्या वरच्या भागापर्यंत जाते. लहान छातीत वरच्या बाजूला भराव कमी असतो, तिथे कापड नुसतं उभं राहतं. कपाचं अक्षर कमी करू नका, कपाची उंची कमी करा. डेमी कप किंवा बाल्कनेट मागा. त्यांचा काठ आडवा आणि खाली असतो. प्लंज, म्हणजे मधे खोल उतरणारी, तीही बऱ्याच जणींना छान बसते. बाळंतपण आणि स्तनपानानंतर ही तक्रार नव्याने सुरू होते. छातीचा खालचा भाग भरलेला राहतो, वरचा मऊ पडतो, लग्नाच्या वेळचा नंबर घालूनही वर पोकळी. त्या बायकांना मी वरच्या अर्ध्या भागाला ताणणारी लेस असलेली ब्रा देते. लेस जिथे अंग असेल तिथे बसते, नसेल तिथे आत येते.

कपाच्या मध्यभागी, टोकाशी खड्डा पडत असेल, म्हणजे बोटाने दाबल्यावर फोम आत जाऊन तसाच राहत असेल, तर कप खोल आहे. शिवण नसलेल्या, साच्यात दाबून काढलेल्या फोमच्या टी-शर्ट ब्रात हे फार होतं. फोमचा घुमट पक्का असतो, तो अंगाचा आकार घेत नाही, अंगानेच त्याचा आकार घ्यायचा असतो. तुमची छाती रुंद बुडाची आणि पसरट असेल, तर त्या घुमटाचं टोक कायम रिकामंच राहणार, नंबर कुठलाही घ्या. इथे शिवणीची, पातळ, पॅड नसलेली ब्रा घालून बघा. दोन-तीन तुकडे जोडून शिवलेला सुती किंवा जाळीचा कप थोडा इकडेतिकडे झुकतो. लोकांना त्या ब्रा जुनाट वाटतात. लहान छातीला त्यांच्यासारखं सुबक दुसरं काही बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तिसरा प्रकार, जो कुणाला पटकन पटत नाही: कप लहान असल्यामुळेही वरून रिकामा दिसतो. कपाखालची वायर अरुंद असली की ती छातीच्या मुळाशी, बरगडीवर बसत नाही, छातीच्या मऊ भागावरच टेकते. मग अख्खा कप पुढे ढकलला जातो आणि वरचा काठ हवेत राहतो. ओळखायचं कसं? दोन कपांच्या मधला छोटा तुकडा बघा. तो छातीच्या हाडाला टेकलेला पाहिजे. तो सुटलेला असेल आणि वर फटही असेल, तर एक अक्षर मोठी घालून बघा. फट नाहीशी होईल. "३२ ए मोठी होते म्हणून आता मिळेल ती सगळ्यात लहान द्या" असं सांगत आलेल्या एका ताईंना मी ३० सी घालायला दिली, तेव्हा त्या ट्रायल रूममधून बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. मग आतूनच विचारलं, "हीच आहे का अजून एखादी?"

एक बाजू दुसरीपेक्षा थोडी लहान असणं अगदी सर्वसाधारण आहे. मोठ्या बाजूच्या मापाने ब्रा घ्या, आणि काढता येणारे पॅड असतील तर फक्त लहान बाजूचं ठेवा. साध्या सुती ब्राचा काठ थोडासाच सुटत असेल तर वरच्या काठाला आतून बारीक इलॅस्टिक लावून घेता येतं, कुठलाही शिंपी करून देतो. फोमच्या कपावर हा उपाय चालत नाही, तिथे पैसे घालवू नका.

"भरपूर पॅडवाली द्या"

मध्यंतरी एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी अकरावी-बारावीची असेल. आई काउंटरवर टेकून मोठ्याने म्हणाली, "हिला काहीच नाही हो, भरपूर पॅडवाली द्या." दुकानात आणखी दोघी-तिघी होत्या. मुलीने मान वळवली आणि समोरच्या खोक्यांवरचे नंबर वाचत उभी राहिली. मी आईला रुमाल, परकर काहीबाही दाखवायला दुसऱ्या टोकाला पाठवलं आणि मुलीला विचारलं, तुला काय हवंय? तिला शाळेच्या पांढऱ्या शर्टातून दिसणार नाही अशी, धावताना न सरकणारी ब्रा हवी होती. पॅडचं तिच्या मनातही नव्हतं.

आयांनो, कृपा करून मुलीच्या अंगाबद्दल चारचौघांत असं बोलू नका. मावश्यांनी, काकूंनीही नको. त्या वयात ऐकलेलं ते वाक्य चाळिशीत माझ्या काउंटरवर येतं, "माझंच लहान आहे हो" होऊन.

पॅड घालावं की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. आवडत असेल तर खुशाल घाला. पण पॅडने बसण्याची तक्रार सुटत नाही, उलट बऱ्याचदा वाढते. जाड पुशअप पॅड कपाच्या तळाशी असतं. ते खालची जागा खातं आणि छाती वर ढकलतं. वर ढकलायला पुरेसा भाग असला तर कप भरतो. नसला तर खाली दाटी आणि वर पोकळी, दोन्ही एकाच वेळी. दुहेरी पॅड लावून कप भरत नाही, कप अंगापासून आणखी लांब जातो. टी-शर्टखाली सपाट, गुळगुळीत दिसावं एवढीच इच्छा असेल तर अस्तराइतका पातळ फोम पुरतो. थोडा उठाव हवा असेल तर काढता येणाऱ्या पॅडची ब्रा घ्या, एकदा पॅडसह, एकदा पॅड काढून घालून बघा. पॅड काढल्यावर कप अंगाला बसत असेल तरच ती ब्रा तुमच्या मापाची. पांढऱ्या किंवा फिक्या कपड्यांखाली पांढरी ब्रा उठून दिसते, तुमच्या कातडीच्या रंगाच्या जवळची घ्या. त्या मुलीला मी तीच दिली.

ज्यांची छाती लहान आहे त्यांना एक मोकळीक आहे, तिचा उपयोग करून घ्या. आधार कमी लागतो, म्हणून बिनवायरची तिकोनी ब्रालेट, बारीक स्ट्रॅपची, पाठीवर लेस असलेली, खोल गळ्याची, हे सगळं तुम्हाला दिवसभर घालता येतं. मोठ्या छातीच्या बायकांना ते जमत नाही, खांदे भरून येतात. घरात नुसती समीज घालून वावरलात तरी काही बिघडत नाही. ब्रा न घातल्याने तब्येतीला काही होत नाही. तेलं, क्रीम, मालिश यांनी छाती वाढते असं सांगून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. व्यायामाने छातीमागचे स्नायू भरतात, स्तन वाढत नाहीत.

धावणं, झुंबा, बॅडमिंटन यांसाठी मात्र छाती लहान असली तरी स्पोर्ट्स ब्रा वेगळी घ्या. छाती घट्ट दाबून धरणारी साधी, बिनवायरची पुरते. जागच्या जागी दोन उड्या मारून बघा, हात वर करा. खालचं इलॅस्टिक हललं नाही तर झालं.

स्ट्रॅप

पट्टा बरोबर झाल्यावर स्ट्रॅपची बहुतेक तक्रार आपोआप जाते. तरी घसरत असतील तर दोन कारणं. एक, ब्रा जुनी झाल्यावर स्ट्रॅपची कडी हळूहळू सरकून सैल होते, ती महिन्यातून एकदा सारखी करावी. स्ट्रॅपखाली एक बोट सहज जाईल इतकंच घट्ट. दोन, उतरते खांदे. त्यांना रुंद लावलेले स्ट्रॅप कधीच टिकत नाहीत. पाठीवर मधे एकत्र येणारे, रेसरबॅक म्हणतात ते, किंवा स्ट्रॅप पाठीवर जोडायची छोटी क्लिप वापरा. क्लिप कुठल्याही टाचण्या-बटणांच्या दुकानात मिळते. बाल्कनेटचे स्ट्रॅप मुळात कडेला असतात, तेव्हा खांदे उतरते असतील तर बाल्कनेटऐवजी प्लंज बघा.

वायर, घाम आणि खाज

वायर काखेत टोचत असेल तर ती तुमच्यासाठी लांब आहे, छोट्या बांध्याच्या बायकांना हे नेहमी होतं. बाजूला आखूड वायर असलेली ब्रा घालून बघा. वायर लागतेच असंही नाही. लहान छातीला वायरवाचून चालतं, वायर फक्त आकारासाठी.

वायरने कॅन्सर होतो का, हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने २०१४ मध्ये पाळी गेलेल्या, ५५ ते ७४ वयाच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वायर, कपाचा नंबर, दिवसातून किती तास ब्रा घातली, यातल्या कशाचाही स्तनाच्या कर्करोगाशी संबंध त्यांना आढळला नाही. भीती काढून टाका. पण गाठ लागली, बोंडातून स्राव आला, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर ब्रा बदलत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये फोमची ब्रा बारा तास घालणं म्हणजे छातीखाली घाम साठवणं. लाल पुरळ, खाज तिथूनच येते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सुती होजियरीची, अस्तर नसलेली घाला, घरी आल्यावर काढा, ती जागा कोरडी करा. खाज आठवडाभर राहिली तर बुरशी असू शकते, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून मिळेल ते मलम लावत राहू नका.

साडीचा ब्लाउज

हे वेगळं सांगते, कारण लग्नसराईत सगळ्यात जास्त रडारड याचीच. शिंप्याकडे माप द्यायला जाताना जी ब्रा त्या ब्लाउजखाली घालणार तीच घालून जा. साध्या ब्रावर माप दिलं आणि समारंभाला पॅडेड घातली, तर ब्लाउज पुढून ताणतो. उलटं केलं तर पुढे चुणी पडते.

कटोरी ब्लाउजमध्ये कापडाचीच वाटी शिवलेली असते. लहान छातीवर त्या वाटीचं टोक रिकामं राहतं आणि पदराखालूनसुद्धा दिसतं. शिंप्याला वाटीचा उठाव कमी ठेवायला सांगा, किंवा प्रिन्सेस कट शिवा, तो अंगाबरोबर सरळ उतरतो. ब्लाउजलाच कप लावून घेणार असाल तर एक ट्रायल मागाच. कच्च्या टाक्यांनी कप लावून, घालून, हात वर-खाली करून बघा आणि मग पक्के करायला सांगा. कप अर्धा इंच वर लागला तरी बसलेली छाती वेगळी आणि कप वेगळा, असं दिसतं. कप लावलेल्या ब्लाउजखाली पुन्हा पॅडेड ब्रा घालू नका.

धुणं

बरोबर बसणारी ब्रा मिळायला एवढी यातायात होते, तर ती टिकवा. इलॅस्टिकला गरम पाणी, ब्लीच आणि कडक ऊन सोसत नाही. थंड पाण्यात, साध्या साबणाने हाताने धुवा. मशीनमध्ये टाकायचीच असेल तर हुक लावून जाळीच्या पिशवीत टाका, नाहीतर हुक दुसऱ्या कपड्यांत अडकून लेस फाटते. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. स्ट्रॅपला धरून दोरीवर लटकवली तर ओल्या वजनाने स्ट्रॅप लांब होतात. मधोमध दोरीवर टाका, सावलीत. फोमच्या ब्राचा एक कप उलटा करून दुसऱ्यात कोंबून ठेवू नका, तो खड्डा मग जात नाही आणि तुम्हाला वाटतं, पुन्हा कप रिकामा पडला. एकच ब्रा रोज घालू नका. दोन-तीन आलटून पालटून घातल्या तर इलॅस्टिकला परत आखडायला वेळ मिळतो. सगळ्यात आतल्या हुकावरही पट्टा पाठीवर चढायला लागला की ती ब्रा काढून टाका, आणि नवी घेण्याआधी दोन्ही मापं पुन्हा घ्या. वजन, बाळंतपण, पाळी जाणं, यांनी ती बदललेली असतात.